तीन दगडांची चूल

मारुतरावांचे घर, मारुंजी
१८ फेब्रुवारी १९७७

चि. सौ. शालन हिस आजी गोजाबाईचे अ. उ. आ. आमी खुशाल, म्हैस खुशाल, तुमची खुशाली कळव.

अक्षर बघून दचकू नको, हे पत्र माझ्याच हातचं हाय. दर येळी मी सांगते आन तुझे आबा लिहितात. पन ह्या येळी सांगायचं ते आबांचंच हाय, मग त्यांना कसं लिहायला लावू? आन कार्ड न घेता मुद्दाम आंतरदेशीय घेतलं. कार्ड पोचेस्तोवर अर्धा गाव वाचतो. सरूबाईच्या सुनेला दिवस गेल्याचं तिच्या नवऱ्याच्या आधी गावाला कळलं ते कार्डापायीच.

तर इलेक्शन लागलंय. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी बबनराव पुढाऱ्यानं खंडोबाच्या देवळात समद्या चुली बोलावल्या. आपली रीत तुला ठावी हाय, तरी लिहिते, लिहिलं की माझं मलाच नीट दिसतं. चुलीमागं एक गडी जातो, देवापुढचा बेलभंडारा उचलतो आन म्हनतो, माझ्या चुलीवर जेवनाऱ्या समद्यांची मतं अमक्याला. एकदा उचललं की त्या चुलीचं खानारानं फिरायचं न्हाई. बैलजोडी व्हती तवा जोडीसाठी उचललं. जोडी गेली, गाय-वासरू आलं, मग वासरासाठी उचललं. बाया कधी देवळात गेल्या न्हाईत आन कुनी विचारलं बी न्हाई.

मला वाटलं व्हतं, ह्या साली आबांचा हात अडंल. भाद्रपदात त्या नसबंदीच्या आपरेशनचा आकडा भरायला बबनरावानं तुझ्या ज्योतीराम मामाचं नाव दिलं. पोराला एकच लेक. कंपनीतनं शिफ्ट करून एसटीतनं उतरला आन तिथंच त्याला जीपमधी घातला. आबा चावडीच्या पायरीवर बसले व्हते. त्यांनी बघितलं आन ते उठले न्हाईत. चौथ्या दिवशी पोरगा आला, उंबऱ्याबाहेरूनच म्हनला की ह्या चुलीवरचा घास पुन्हा खानार न्हाई, आन बायको-लेकीला घेऊन तुझ्या दारी आला. तू आसरा दिलास, तुझं भलं होवो.

आबा वाईट न्हाईत ग. बेचाळीस साली पोलीस मागं असताना बबनरावाच्या बापानं त्यांना कडब्याच्या गंजीत तीन दिवस लपवलं व्हतं. तो कडबा अजून त्यांच्या अंगाला चिकटलाय. परवा बी त्यांनी बेल उचलला. दोनदा हात मागं घेतला म्हनं, पन उचलला.

आता माझं ऐक. मला माझं मत माझ्या लेकासाठी टाकायचंय, म्हंजे बबनरावाच्या उलट. पन जेवते आबांच्या चुलीवर. काय करू? तुझ्या सयाजीरावांना विचार. ज्योतीरामाचं नाव अजून गावच्या यादीत हाय. मताला तरी येतो का विचार.

मामीला आशीर्वाद, चिमीचा मुका. लोभ आहे तो एका खोलीत पाच जणांना पुरवून वापर.
आजी गोजाबाई


संत तुकारामनगर, पिंपरी
२४ फेब्रुवारी १९७७

ती. आजीस शालनचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. म्हणाले, ओळी एकवीरेच्या पायऱ्यांसारख्या चढत गेल्या आहेत, वाचता वाचता धाप लागली. पण दुसऱ्यांदा वाचायला मागून घेतले, हे सांगून ठेवते.

ह्यांचे म्हणणे असे की, मत गुप्त असते. शिक्का मारायचा, कागदाची घडी करायची, पेटीत टाकायचा. तू कुणाला दिलेस हे बबनरावाच्या सात पिढ्यांना कळायचे नाही. मग भंडाऱ्याचे एवढे काय? कंपनीच्या कँटीनमध्येही वारे फिरले आहे. वर्षभर जे लोक चहा पितानाही कुजबुजत, ते आता टेबल वाजवून बोलतात.

मामाला विचारले. तो मताला येणार, पण गावचे पाणीही न पिता पुढच्या एसटीने परतणार. आणि एक सांगू? चिमी रोज संध्याकाळी विचारते, दाणे काढलेल्या कणसाच्या बुरखंडाची गाडी करून देणारे आबा कुठे आहेत? मामा तेव्हा भरलेली बादली उचलून पुन्हा नळावर जातो.

आबांना नमस्कार सांग, माझा म्हणून. लोभाची उधारी वाढली आहे, येशील तेव्हा चुकती करीन.
तुझी शालन


मारुतरावांचे घर, मारुंजी
७ मार्च १९७७

चि. सौ. शालन हिस अ. उ. आ.

सयाजीरावांना सांग, तुमची आजेसासू अडानी हाय पन भित्री न्हाई. बबनरावाला दिसनार न्हाई हे मला बी कळतं. पन बेल काय बबनरावाच्या परसातला व्हता व्हय? देवापुढचा व्हता. आबांचा शब्द मी पेटीत लपून मोडायचा आन घरी येऊन त्यांनाच भाकरी वाढायची, हे माझ्यानं व्हनार न्हाई. मोडायचं तर उजेडात, न्हाईतर न्हाई.

म्हनून गप बसले व्हते. पन पाणवठ्यावर काय काय ऐकते म्हनून सांगू! पुढाऱ्यांना वाटतं भाषणानं मतं फिरतात. आमच्याकडं सोनबाच्या बायकूचं मत फिरलं ते प्रचाराच्या कर्ण्यानं तिची म्हैस बुजली आन दूध आटलं म्हनून. केसरबाईचं फिरलं कारन बबनरावाच्या घरच्या हळदी-कुंकवाला तिला शेवटाला बसवली. ही वरची कारनं बरं का. जरा खरवडलं की खाली एकच निघतं. कुनाचा भाऊ, कुनाचा दीर, कुनाचा घरधनी त्या जीपमधी बसलेला हाय. ते कुनी बोलत न्हाई, म्हशीचं बोलतात.

आन परवा शिमग्याला माझा देव जागा झाला! होळीला चुलीमागं पाच गोवऱ्या द्यायच्या. सरूबाईनं सुनेशी भांडून पडवीत चूल मांडलीया. ती म्हनली, आमचं घर एकच, पाच दिल्यात की. तर बबनराव समद्या गावापुढं कडाडला, चूल सवती तर घर सवतं, रीत म्हंजे रीत, अजून पाच आन. सरूबाई शिव्या देत गोवऱ्या आनायला गेली आन मी होळीपुढं उभी राहून एकटीच हसाया लागले. बायांना वाटलं म्हातारीला धूर लागला.

कळलं का ग? चूल सवती तर घर सवतं. आबांनी बेल उचलला तो आपल्या चुलीसाठी. मग माझी चूल सवती झाली तर माझ्यावर कुनाचा बेल?

इलेक्शनच्या तीन दिवस आधी मांडनार. मागल्या अंगनातल्या कडूलिंबाखाली. ज्योतीरामाला सांग, तू बोललास ते जुन्या चुलीला. ही तुझ्या आईची. पुढं त्याची मर्जी.

लोभ वाढव, आन जमलं तर तुझ्या मामाच्या बी कानात थोडा ओत.
आजी गोजाबाई


संत तुकारामनगर, पिंपरी
११ मार्च १९७७

ती. आजीस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. तुझे पत्र ऐकून हे खाटेवरून उठून बसले आणि म्हणाले, ह्या बाईला युनियनमध्ये घ्या, मॅनेजर रडेल. मामा भिंतीकडे तोंड करून बसला होता, पण त्याची पाठ हलत होती. भाद्रपदापासून पहिल्यांदा हसला ग तो. येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही. फक्त मामीला सांगितले, चिमीचा निळा फ्रॉक धुऊन ठेव.

जपून राहा. आबा रागावले तर मला दोष देऊ नकोस, मी काहीच शिकवले नाही, साक्षीला देव आहे. लोभ आहेच, धीरही सोबत पाठवते.
तुझी शालन


गोजाबाईची चूल, मारुंजी
२४ मार्च १९७७

चि. सौ. शालन हिस आजीचे इतके आशीर्वाद की कागदात मावत न्हाईत.

मामानं तुला सांगितलं असंलच, पन त्याला सांगता येत न्हाई, तो दोन शब्दांत उरकतो. माझ्याकडनं ऐक.

ठरल्यापरमानं लिंबाखाली तीन दगड मांडले. आबा आले, बघितलं. काय हे, म्हनले. मी म्हनलं, माझी चूल. तुमची आत हाय, पीठ कनगीत, मीठ फळीवर. ते आत गेले. आता घरात दुसरी बाई न्हाई, म्हंजे त्यांची चूल गार. तीन दिवस गूळ-शेंगदान्यावर काढले ग त्यांनी! मला वाईट वाटलं. पन हसू बी आलं, खोटं कशाला लिहू.

पहिल्या सांजेला माझा एकटीचा धूर. दुसऱ्या सांजेला सोनबाच्या दारात, केसरबाईच्या परसात, गोठ्यापाशी, वळचनीला, चौदा धूर! सरूबाईला काय मांडायचं नव्हतं, ती फुकनी घेऊन दारोदार ओल्या चुली पेटवत फिरली. बबनराव धावत आला. म्हनला, गोजाकाकी, हे काय खूळ मांडलंय, गावाचा शब्द गेलाय. मी पदर सावरला आन म्हनलं, बाबा, होळीपुढं तूच बोललास. तुझ्या शब्दाखातर पुढल्या साली चौदा घरच्या गोवऱ्या जादा देऊ. त्याचं तोंड असं झालं, जनू घासासंगट माशी गेली. माघारी गेला.

मतादिवशी सकाळच्या एसटीनं ज्योतीराम आला. मामी आन निळ्या फ्रॉकातली चिमी संगं. घरातनं न्हाई आला, कुपाच्या फटीतनं थेट मागल्या अंगनात. दगडांपाशी उभा राहून विचारलं, ही कुनाची. मी म्हनलं, तुझ्या आईची, बस. बसला. मी बाजरीची भाकरी टाकली, पिठलं केलं, लसनाचा ठेचा. समोर घास व्हता, पन तो तोडीना. घराच्या दाराकडं बघत व्हता.

दार उघडलं. आबा आपलं ताट घेऊन बाहेर आले. टोपी घातलेली. येऊन चुलीपुढं उकिडवे बसले आन मला विचारलं, ह्या चुलीवर अजून एक भाकर निघंल का. शालन, पंचेचाळीस वर्सं मी त्या मानसाला वाढलं, त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मी म्हनलं, निघंल, पन हितं जेवलं की मानूस ह्या चुलीचा व्हतो, त्या चुलीचा बेल सुटतो. आबा म्हनले, ठावं हाय. सहा महिने झाले, मी त्या पायरीवरनं अजून उठलो न्हाई. आता उठतोय.

मी भाकर दिली. त्यांनी ती मधोमध मोडली आन अर्धी ज्योतीरामाच्या ताटात ठेवली. कुनी कुनाकडं बघितलं न्हाई. चिमी म्हनली, आबा, गाडी. मग मातुर दोघं बी रडले, आन मी म्हनलं, धूर फार झालाय.

आमी पाच जनं रस्त्याच्या मधनं चालत गेलो मताला. पुढं आबा, त्यांच्या खांद्यावर चिमी. बबनराव शाळेच्या फाटकापाशी उभा व्हता. आबांनी त्याला राम राम घातला, तुझ्या बापाचे उपकार मी विसरनार न्हाई म्हनले, आन आत गेले. मी शिक्का मारताना कागदावर तो नांगरवाला शेतकरी नीट बघून घेतला. इतकी वर्सं कागदाकडं न बघताच ठोकत आले व्हते.

पाडव्याचं गोड तोंडात व्हतं तवर रेडिओवर सांगितलं, दिल्लीचं सरकार गेलं. सरूबाईनं फुकनी वाजवली. ती म्हनती, आमच्या चौदा चुलींनीच घालवलं. मी तिला समजावलं, देशात आपल्यावानी लई चुली असतील. पन मनात म्हनलं, आपल्या बी चौदा व्हत्याच की.

ज्योतीराम आता दर सुट्टीला येनार म्हनलाय. जुनी चूल मी अजून पेटवली न्हाई. आबा रोज सकाळी लिंबाखाली ताट घेऊन येतात आन विचारतात, आज हाय का जागा? मी थोडा इचार केल्यासारखं करते, मग बस म्हनते. पावसाळ्यात आत यावं लागंल, म्हनतात. मी म्हनलं, दगड आत आनू, चूल माझीच राहील.

आता तू ये. ह्या चुलीच्या लोभाला कुनाची परवानगी लागत न्हाई.
घरधनीन, गोजाबाई