त्या दुपारी मी ऐकत नव्हतो

बाबा,

गेल्या आठवड्यात मी एक मोठा हेडफोन विकत घेतला. दोन्ही कान पूर्ण झाकणारा, तोंडापुढे माइकची दांडी आलेला. तुमची सून त्याला घमेलं म्हणते. "घातलं का घमेलं? आता घर पेटलं तरी यांना पत्ता नाही," असं ती लेकीला सांगते आणि दोघी हसतात. कामावरून आलो की आम्ही पाच जण कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. एक रायपूरचा, एक बालाघाटचा, बाकी दोघं कुठले ते मला अजून माहीत नाही. एकमेकांचे फक्त आवाज ओळखतो. खेळ लढाईचा आहे, पण त्यात डोळ्यांपेक्षा कान कामाचे. शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं वाजतात, आणि ज्याला ती ऐकू येतील त्यानं बाकीच्यांना सांगायचं. ते काम माझ्याकडे आहे. परवा रायपूरचा म्हणाला, "भैया के कान बड़े तेज हैं, इनके भरोसे आँख बंद करके चलो." मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि अंगणात येऊन बसलो. तिकडे ते चौघं मेले असतील बिचारे. मला तुम्ही आठवलात, आणि राग आला. तुमचा नाही, माझा. चाळिशी जवळ आली तरी तो राग काही म्हातारा होत नाही.

ऐकून सांगायचं हे काम मला पहिल्यांदा तुम्ही दिलं होतं. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर तुमचं सायकलचं दुकान. चाकाचा वाकडेपणा काढताना तुम्ही एकेक स्पोक बोटानं छेडायचे आणि मला विचारायचे, "हा ढिला का तो?" मी पाच-सहा वर्षांचा असेन. मी सांगितलेला स्पोक तुम्ही खरंच आवळायचे. माझ्या शब्दावर एक मोठा माणूस पाना फिरवतो, हे मला फार थोर वाटायचं. चाक फिरतं आहे, तुम्ही गुणगुणता आहात, हातभर काळं ग्रीस, आणि गिऱ्हाईक म्हणतं आहे, "मास्तर, गाणं मंग म्हना, गाडी सुटून राहिली माही." तुम्ही गाणं थांबवत नाही, चाकही थांबवत नाही. दंडारीतले गाणारे म्हणून पाच-पन्नास गावांत तुम्हाला लोक ओळखत होते, त्याला तुम्ही तरी काय करणार.

आमची ही अमरावतीकडची. तिला दंडार समजावून सांगताना माझी तारांबळ उडते. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, पाहुणे येतात, आणि भर दुपारी आखरावर, गावाच्या कडेच्या मोकळ्या मैदानात, दंडार म्हणजे गाण्यांचं नाटक उभं राहतं. राजाही पुरुष, राणीही पुरुष, मागे पेटी, ढोलकी आणि टाळ. भोंगे लोकांकडे तोंड करून बांधलेले, त्यामुळे गाणाऱ्याला ढोलकीशिवाय काही ऐकू येत नाही, स्वतःचा आवाजसुद्धा नाही. म्हणून तुम्ही मला गर्दीच्या पार मागे, बैल सोडलेल्या एका बंडीवर उभं करायचे. आवाज नीट येत असेल तर मी डोक्यावर हात ठेवायचा. येत नसेल तर कानावर. आणि पट्टी उंच जाऊन गळा ताणला जात असेल तर हात खाली दाबायचा, म्हणजे पुढच्या कडव्याला तुम्ही उतरणार. राणीचं हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून तुम्ही गाता आहात, आणि कडवं संपलं की शेकडो डोक्यांवरून तुमचे डोळे मला शोधत येतात. ते डोळे माझ्यावर यायचे तेव्हा मी ताठ व्हायचो.

एकदाच तुम्ही माझ्यावर चिडलात. मी आठ वर्षांचा, बंडीवर बसून चिवडा खात होतो आणि न ऐकताच डोक्यावर हात ठेवला होता. भोंगा बंद पडला होता हे मला कळलंच नाही. घरी येताना तुम्ही सायकल थांबवलीत, मला दांडीवरून खाली उतरवलंत. "काऊन बे, तू खोटं सांगशीन तं मी लोकायसमोर उघडा पडतो. मले तं काईच आयकू येत नाई तिथं. मी तुह्या कानानं गातो." मी रडलो. तुम्ही मला पुन्हा दांडीवर बसवलंत आणि पायडल मारलंत. त्यानंतर पाच वर्षं मी बंडीवर चण्याचा दाणासुद्धा तोंडात टाकला नाही.

मग नव्व्याण्णवची दिवाळी. तुम्ही मला गोंदियाला घेऊन गेलात. मला वाटलं पँटचं कापड घेणार. तुम्ही थेट बाजारातल्या रेडिओच्या दुकानात शिरलात आणि वॉकमन मागितलात. सोबत हेडफोन, पातळ पत्र्याची पट्टी आणि कानांवर नारिंगी स्पंजच्या दोन चकत्या. दुकानदार म्हणाला, "पहले आप सुन के देखो, सेठ." सेठ म्हटल्यावर तुम्ही लाजलात. हेडफोन चढवलात, त्यानं कॅसेट लावली, आणि तुम्ही अख्खं दुकान दचकेल एवढ्या आवाजात ओरडलात, "अरे बाबू, हे तं डोक्याच्या आतच वाजून राहिलं!" सगळे वळून बघायला लागले. तुम्हाला मात्र आपण ओरडलो हे ठाऊकच नाही. मी इतका हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. परतीच्या गाडीत तुम्ही डबा माझ्या मांडीवर ठेवलात. "तू आठ वर्सं आमचं आयकलं. आता जरा तुह्या मनाचं आयक." इतकं चांगलं मला नंतर कुणी काही दिलं नाही, बाबा, आणि त्याचं मी काय केलं ते तुम्ही ओळखलं असणार.

चार दिवसांनी आपल्याच गावची मंडई. सकाळी तुम्ही चुलीपाशी बसून गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करत होता. माय म्हणाली, "आजच्या दिवस नाही म्हना ना." तुम्ही मान हलवलीत. मला जवळ बोलावलंत आणि बसक्या आवाजात म्हणालात, "आज गरा साथ देऊन नाई राहिला. पट्टी जराशी बी वर गेली तं हात दाबजो. आज ध्यान देजो बाबू." मी हो म्हणालो. खरंच हो म्हणालो. पण माझ्या वर्गातल्या एकानं नव्या सिनेमाची कॅसेट दिली होती आणि त्याला ती संध्याकाळी परत हवी होती. मी बंडीवर चढलो. थंडी नव्हती, तरी कानांवरून मफलर गुंडाळला, आत स्पंजच्या चकत्या. म्हटलं एकच गाणं. मग दुसरं लागलं. तुमचं गाणं तर मला पाठ होतं, कडवं कुठे संपतं ते तुमच्या हातावरून कळत होतं. तुमचे डोळे आले की मी डोक्यावर हात ठेवत होतो. एकदा, दोनदा, तीनदा. कॅसेटची एक बाजू संपली आणि मी मफलर सोडला तेव्हा तुम्ही आखरावर नव्हता. राजा एकटाच काहीतरी बोलून वेळ मारून नेत होता.

संध्याकाळी तुम्ही न्हाणीपाशी तोंडाचा रंग धुवत होता. मागे न बघता विचारलंत, "कसं झालं?" मी नेहमीसारखं सांगितलं, "एकदम मस्त. मागपर्यंत आवाज येऊन राहिला होता." तुम्ही तोंडावर पाणी मारायचं थांबलात. वळून माझ्याकडे पाहिलंत. डोळ्यांच्या कडांना पिवळा रंग तसाच होता. मग म्हणालात, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी मला घेरलं आणि कोंबड्यासारखं आरवून दाखवलं, तेव्हा मला समजलं की राणीच्या विलापात, सगळ्यांत वरच्या सुरावर, तुमचा आवाज फाटला होता आणि आखर हसून लोटपोट झालं होतं.

तुम्ही मला मारायला हवं होतं. निदान सायकलवरून उतरवायला हवं होतं. तुम्ही काहीच केलं नाहीत. पुढच्या वर्षी हिरवं लुगडं दुसऱ्याला देऊन टाकलंत, गुडघे दुखतात म्हणालात. दुकानातलं गुणगुणणंही गेलं. मी दुपारी डबा घेऊन यायचो तेव्हा फक्त फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यायची. आणि तरी, माझ्या हेडफोनची वायर तुटली तेव्हा तुम्हीच ती जोडलीत. काडीनं वरचं प्लास्टिक जाळलंत, आतल्या बारीक तारा पिळल्यात, वर व्हॉल्वची रबरी नळी चढवलीत. एक चकती स्वतःच्या कानाला लावलीत, मग दुसरी. "घे. दोन्हीकून येऊन राहिलं." मला तेव्हा तुमच्या पाया पडावंसं वाटलं. मी हेडफोन घेतला आणि निघून गेलो.

कॉलेजसाठी रोज गोंदियाला जायचो तेव्हाची गोष्ट. तिथे एका सायबर कॅफेत आम्ही पोरं हेडफोन लावून लढाया खेळायचो. एक दिवस आमच्यातल्या एकानं मधेच हेडफोन काढला, त्याच्या घरचा फोन आला होता. त्याच्या बाजूनं शत्रू आले आणि आम्ही सगळे हरलो. मी उभा राहून ओरडलो, "तेरे भरोसे खड़े थे ना हम!" माझं मलाच ते इतकं झोंबलं की मी पुढची गाडी धरली. ठरवलं होतं, आज सांगायचं. दुकानात आलो. तुम्ही चाक फिरवत होता. "जेवला का?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणालो, खरं तर जेवलो नव्हतो, आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक पंक्चर घेऊन आलं. दुसऱ्या महिन्यात तुम्हाला कावीळ झाली. तीन आठवड्यांत तुम्ही गेलात. त्या तीन आठवड्यांत मी तुमच्या उशाशी बसून होतो, बाबा, आणि सांगायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणूच शकत नाही. वेळ होता. हिंमत नव्हती.

या वर्षी मंडईला लेकीला घेऊन गावी गेलो होतो. तुमचे ढोलकीवाले काका भेटले. आता वाजवत नाहीत, हात थरथरतात. चहा पिताना त्यांनी आपणहून तो दिवस काढला. "मांगचे झिलकरी तुह्या बापाची ओळ धरून गाऊन राहिले होते तवा मी वाकून म्हटलं त्याले, गड्या, पट्टी उतरव, गरा फाटन. तं त्यानं तुह्याकडं बोट दाखवलं. म्हने, माह्या पोराचा हात डोक्यावर आहे, पट्टी बरोबर आहे." काकांनी कप खाली ठेवला. "चाळीस वर्सं ढोलकी वाजवली मी, अन् माहं नाई आयकलं त्यानं. तुले आयकू नोतं येत का गा?" माझ्या हातातला चहा निवला होता. मी म्हणालो, "लहान होतो काका. मले पट्टीतलं काय समजे." त्यांनी मान डोलावली, लेकीच्या हातावर दहा रुपये ठेवले. मी बावीस-तेवीस पावलं चाललो असेन आणि मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. लेक विचारत होती, बाबा काय झालं.

हे पत्र कुठे टाकायचं तेही मला माहीत नाही. मायला वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं, पण तिला वॉकमनचं आधीच माहीत आहे, मागे एकदा तिला सांगून झालं आहे. आमच्या हिलाही माहीत आहे. दोघींनाही मी तेवढंच सांगतो, की मी ऐकत नव्हतो. पुढचं सांगत नाही. कानांत गाणं चालू होतं, आणि एकदम समोरची सगळी गर्दी हलायला लागली, माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मला वाटलं, तुम्ही काहीतरी गमतीचं केलंत. मीही हसलो, बाबा. तोंड उघडून, लोकांसारखाच. तुम्ही तेव्हा माझ्याकडेच बघत होता.