फ्लेक्सवरचा तेल उद्योजक

तात्या, मागच्या खेपेला बी तुमी असंच केलं हुतं. मी नको म्हणलेलं आधी करायचं आन् मग म्हणायचं, पोरा, तुझ्या भल्यासाठीच केलं. बरं, भांडण पुढं चालवतो, आधी साष्टांग नमस्कार घ्या. काकूंचा गुडघा कसा हाय? माझी तब्येत बरी हाय, नुसती झोप न्हाई. (फोन करत न्हाई, कुणी ऐकत असंल. ही चिठ्ठी आमचा टँकरवाला धुळा आणतोय, त्याला जेवू घाला.)

ऋषिराज शेठच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तुमी औंधच्या चौकात लावला. सांगलीचा एवढा मोठा तेलवाला, तुमच्या पॅनेलला पैसा पुरवणारा, लावा की. पण शुभेच्छुकांत माझा फोटू कशाला? आन् खाली 'तेल उद्योजक, गुजरात'? आवं, मी हितं बंदरावर तेलाचं टँकर आतनं धुतो. सुभेदाराचा पुतण्या हेल्पर हाय म्हणायची लाज वाटली, तर नुसतं नाव टाकायचं.

आता शेठवर खटला झालाय. सूर्यफुलाच्या डब्यात पाम तेल भरलं, आन् त्ये गुजरातेतनं आलं म्हणं. आपल्या गावच्या जोतीरामनं मोबाईलवर फ्लेक्सचा आजचा फोटू धाडला. तुमच्या पॅनेलवाल्यांनी आपापली तोंडं ब्लेडनं कापून नेली. ज्या पुढाऱ्यानं शेठला केक भरवला, त्यो आता शेठला वळखतच न्हाई. त्याचं तोंड सगळ्यात आधी गेलं. तुमचं बी गेलंय, तात्या. कुणी कापलं इचारत न्हाई. (भोकाची कड लय सरळ हाय, फौजेतल्या माणसानं कापल्यागत.) आता फ्लेक्सवर दोघंच उरलोय, मधी शेठ आन् त्याच्या शेजारी मी.

काल सांगलीचे तपासवाले आमच्या गेटवर आले. मी टँकरात, गुडघ्यापतुर चिकट पाण्यात. सुपरवायझर वरच्या झाकणातनं हाका मारतोय आन् मी आत आणखी कोपऱ्यात सरकतोय. शेवटी निघालो. साहेबानं मला बघितलं, मग त्याच्या मोबाईलात फ्लेक्सवरचा माझा स्टुडिओतला कोट बघितला आन् म्हणाला, "वेषांतर चांगलं जमलंय." हसला न्हाई, तात्या. माझा गेटपास जमा झालाय. सोमवारी सांगलीला विश्रामबागच्या कचेरीत हजर व्हायचंय. तिथं खुलासा झाला न्हाई तर नोकरी गेली, आन् मीबी आत.

तवा सोमवारी मेडलं लावून माझ्यासंगं चला आन् साहेबाला सांगा, ह्यो हेल्पर हाय, उद्योजक मी छापला. एवढं एकदा माझ्या भल्यासाठी करा.

तुमचाच,
विश्वजित

ता. क. साहेबाला सांगाल त्ये राजेश्वरीच्या वडलांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्ये रोज त्या फ्लेक्सखालच्या टपरीवर चहा पितात, आन् आमच्या लग्नाला होकार त्यांनी त्यो फ्लेक्स वाचूनच दिलाय. राजेश्वरीला खरं ठावं हाय, तिची काय तक्रार न्हाई.

आणखी एक. फ्लेक्स उतरवू नका. शेठ तेवढा कापा, तुमचा हात बसलाच हाय. त्याचा पंजा माझ्या खांद्यावर आलाय, त्यो सोडवताना माझा कोट फाडू नका. खालचं 'उद्योजक' लग्नापतुर ऱ्हाऊ द्या. नव्या ब्लेडाला आन् टपरीवाल्याचं तोंड बंद ठेवायला म्हणून धुळाजवळ तीनशे रुपये दिलेत.