झाकणाच्या आतली तारीख

दि. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दोन महिन्यांपूर्वी दुकानातून घेतलेली ती जुनी बोट गुरुवारी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बंद पडली. वल्ही मारत परत आलो तेव्हा अख्खा धक्का दात काढत होता. मी म्हटलं, हसा लेको, सहा महिन्यांची वॉरंटी आहे.

कसली वॉरंटी नि कसलं काय! दुकानाचा मेकॅनिक आला आणि इंजिनाला हात न लावताच निघाला. इंजिनावर लाकडी खोकं आहे, त्याच्या झाकणाला दुकानाचं शिशाचं सील असतं. ते तुटलेलं निघालं. सील तुटलं की वॉरंटी संपली, असं कागदावर छापलंय म्हणे. अगं, मी त्या झाकणाला बोटसुद्धा लावलं नाही. बाबांनाही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तुम्ही जन्मभर इंजिनं उघडलीत, एवढं एक सोडा. सील मुळातच तुटकं असणार. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शाळेची बावीस मुलं पलीकडे नेण्याचं काम मला मिळालंय, हे तुला कळवलंच होतं. असं बारमाही काम पहिल्यांदाच पदरात पडतंय, ते गेलं तर मी कुठला? आता झाकण उघडलं तर माझ्याच गळ्यात यायचं, म्हणून बोट बांधून ठेवलीय. तू वकिलाकडे टाइप करतेस, तर दुकानदाराला घाम फुटेल असं काहीतरी लिही.

बाबा गप्पगप्प असतात, ताटात अर्धं टाकतात. तुझं मागचं पत्र दोनदा वाचून दाखवलं तरी हसले नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. १२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

कप्तानसाहेब, आपण वल्ही मारत आलात हे वाचून ऑफिसात एकटीच हसले आणि मग हसले म्हणून वाईट वाटलं. तुझं पत्र मिळाल्या दिवशीच आमच्या साहेबांच्या लेटरहेडवर दुकानदाराला खरमरीत पत्र धाडलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन. भलताच नरमला होता.

त्याचं म्हणणं असं की घरातल्या कुणीही सील तोडलेलं नाही, असं तू सही करून लिहून द्यायचं. मेकॅनिक सव्वीस तारखेला येईल, सही घेईल आणि तुझ्यादेखत झाकण उघडेल. आत दोष निघाला तर इंजिन बदलून देणार. साहेब म्हणाले, खरं असेल तर सही करायला भिऊ नकोस. माझा भाऊ आळशी आहे, पण खोटारडा नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं.

वहिनीला म्हणावं, बाबांना घास घास करून भरव, पण उपाशी ठेवू नकोस. सगळ्यांची आठवण काढते, तुम्हीही काढत जा.

तुझी,
ताई

दि. १५ सप्टेंबर

चि. थोरलीस,
अ. आ.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. लिहिता येतं, लिहिलेलं दिसत नाही. सांभाळून घे. धाकट्याने काल तुझं पत्र वाचून दाखवलं. सहीचं ऐकलं आणि ताटावरून उठलो.

पोरी, सील मी तोडलं.

बोट घेऊन आठवडा झाला होता. इंजिनाच्या आवाजात मला काहीतरी खोटं ऐकू येत होतं. धाकटा शाळेत कामाचं पक्कं करायला गेला त्या दुपारी मी झाकण उघडलं. डोळे गेले तरी बोटं शाबूत आहेत. इंजिनाला वीतभर तडा आहे. त्यात लांबीचा लगदा भरून वरून रंग फासलाय. असं इंजिन भर पाण्यात कधी दगा देईल, सांगता येत नाही. झाकण लावण्याआधी सवयीप्रमाणे आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख घातली. चाळीस वर्षं तेच केलंय, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून.

त्याच संध्याकाळी सांगणार होतो. पण तो काम मिळालं म्हणून घरभर नाचत आला आणि माझी जीभच उचलेना. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. तो परत येईपर्यंत रोज धक्क्यावर बसून असायचो. बोट बंद पडली तेव्हा, देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं. आता पोरगा माझ्यापायी खोट्यावर सही करणार. काय करू, तू सांग.

जपून राहा. म्हाताऱ्यावर रागावू नकोस.

तुझे,
बाबा

दि. १८ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जेवणाच्या सुट्टीत घाईने लिहितेय. बाबा, काय करून बसलात हे! आणि एवढे दिवस पोटात ठेवलंत!

पण फसवलं त्यांनी. भोगायचं आपण? मेकॅनिकने झाकण उघडलं की तडा दिसेलच. तारीख तेवढी दिसता कामा नये. पॉलिश पेपरने लाकूड घासून टाका. धाकट्याला यातलं अवाक्षरही कळू देऊ नका. त्याला खरंच माहीत नसेल, तर त्याची सही खोटी ठरत नाही. ही पळवाट आहे, कळतं मला, पण त्याचं काम जायला नको. हे पत्र लगेच फाडून टाका.

काळजी करू नका, असं लिहिते आणि स्वतः करत बसते.

तुमची,
थोरली

दि. २९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या नावाचं तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. दुसरं कोण दाखवणार होतं, ताई? दोन वर्षं तुझं प्रत्येक पत्र मीच वाचतोय. घाईत तू तेवढंच विसरलीस.

धाकट्याला अवाक्षरही कळू देऊ नका, हेही माझ्याच तोंडाने मोठ्याने वाचलं. मध्ये थांबलो तर बाबा म्हणाले, थांबलास का, पुढे वाच. मग पत्र फाडून टाका इथपर्यंत वाचलं, आणि बाबांनी झाकणाचं सगळं सांगितलं. ही ताटं उचलून आत निघून गेली. मी बाबांना नाही नाही ते बोललो. आंधळ्या हातांनी माझं घर बुडवलंत, असंही म्हणालो. ते शब्द आता मलाच टोचतात.

मग पॉलिश पेपर खिशात घालून मी बोटीवर गेलो. हो, पुसायलाच गेलो होतो. झाकण उलटं केलं. तारीख होती, आणि तारखेखाली आणखी काही लिहिलं होतं. अक्षरं वाकडी, एकात एक शिरलेली, शेवटचा शब्द फळीच्या कडेवरून खाली उतरलेला. लिहिलं होतं, ‘तडा आहे. यात मुलं बसवू नयेत.’

मला सांगायला त्यांची जीभ उचलली नाही, म्हणून त्यांनी लाकडाला सांगून ठेवलं होतं. मी तिथेच बसून ढसाढसा रडलो. पेपर खिशातून काढलाच नाही.

सव्वीसला मेकॅनिक आला. मी सही केली नाही, झाकण दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, तड्यावरून बोट फिरवलं आणि सील घरच्यांनीच तोडल्याचं कागदावर लिहून घेतलं. वॉरंटी गेली. निघताना हळूच म्हणाला, म्हातारबाबांचं ऐका. शाळेत मीच जाऊन सांगितलं की माझी बोट मुलांसाठी नाही. काम दुसऱ्याला गेलं. पुढे काय, मला माहीत नाही.

बाबांशी अजून धड बोललो नाही. आज त्यांच्या शेजारी पाट मांडून जेवलो, एवढंच. ते सगळं ताट जेवले.

तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही, तू लिहिलंस तेच मी करायला निघालो होतो. फक्त यापुढे पत्र लिहिशील तेव्हा मोठ्याने वाचताना मला थांबावं लागणार नाही, असं लिही.

आहे ती माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा