खालचे दार बुजविण्यास नकार

प्रति,
मा. वारसा जतन अधिकारी,
नगर परिषद कार्यालय.

विषय : राहत्या घराचे खालचे दार बुजविण्याच्या आदेशास नकार देण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र; उन्हाळ्यात मिळाले, उत्तर दिले नव्हते.

महोदय,

उत्तरास उशीर झाला. लिहायला बसलो की वाटे, एवढे शिकलेले अधिकारी चुकतील कसे, आपल्यालाच काही समजले नसेल. आता ती शंका उरलेली नाही.

१. आपल्या गावची घरे प्रसिद्ध आहेत, कारण त्यांना जमिनीलगत दार नसते. दार वरच्या मजल्यावर. शिडीने चढायचे आणि रात्री शिडी आत ओढून घ्यायची. पूर्वी दरोडेखोर येत, आता पर्यटक येतात. माझी पत्नी त्या शिडीवरून पडली. खुब्याचे हाड मोडले. पुढे दोन वर्षे तिने रस्ता फक्त खिडकीतून पाहिला. म्हणून आम्ही बिऱ्हाड खालच्या कोठारात हलवले आणि त्याच्या भिंतीत दार पाडले. आपल्या भाषेत हे 'विद्रूपीकरण'.

२. आपले निरीक्षक पाहणीला आले. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटला. मग ते त्याच विद्रूप दाराने आत आले, चहा प्यायले आणि दार बेकायदा असल्याचे लिहून मोकळे झाले. पत्नीने विचारले, "साहेब, आता जाणार कुठून?" साहेब म्हणाले, "आजी, उगाच फाटे फोडू नका," आणि गेले खालूनच.

३. आपण पर्यायही सुचवला आहे. पूर्वी धान्य वर घ्यायला कप्पी आणि टोपली असे. ज्येष्ठांसाठी तिचा वापर 'पर्यटनदृष्ट्याही आकर्षक' ठरेल. माझे आयुष्य ग्रंथालयात गेले. टाकाऊ पुस्तके पुष्कळ हाताळली, पण असे वाक्य आढळले नाही. लिहिणाऱ्याला आई असावी असे वाटत नाही.

४. आपले कार्यालयही अशाच जुन्या घरात आहे. त्याला जमिनीलगत काचेचे दार आहे, आपोआप उघडणारे. ते कोणत्या शतकातले, हे कळवावे.

५. सोमवारी गवंडी येणार असे समजते. त्याच्यावर राग नाही, पण त्याला एक वीट लावू देणार नाही. दंड, खटला, काय ते करावे. कोर्टाची मला भीती वाटते, हे लपवत नाही. पत्नीला पुन्हा वर कोंडण्याची त्याहून जास्त वाटते.

हा अर्ज मीच टपालात टाकणार होतो. पण पत्नी चपला घालून उंबऱ्यावर उभी आहे. "आणा इकडे, तुम्ही परत विचार करत बसाल," म्हणते. पाकीट तिच्या हाती देत आहे. पेटी कोपऱ्यावर आहे. ती चालत जाईल.

नम्रपणाची सवय अजून न सुटलेला,
(सही)
निवृत्त ग्रंथपाल

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे