पाटाखालची फळी

प्रिय स्वप्नालीताई,

हे पत्र शेजारच्या अनुजाच्या हाती देतोय, ती उद्या गडहिंग्लजला येणार आहे. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं तिसऱ्या घरापर्यंत जातं, आणि आण्णा हल्ली कान देऊनच बसलेले असतात. पाकीट दोनदा डिंक लावून चिकटवलंय. उघडलेलं वाटलं तर मला नक्की कळव. अनुजा चांगली आहे, पण चौकस आहे.

वळवाच्या वादळात घाटावरचा उंबर आपल्या नावेवर पडला, हे तुला कळलंच आहे. त्या संध्याकाळी नाव नीट बांधतो म्हणून आण्णा एकटेच नदीला गेले होते. चिंब भिजून आले, "झाड पडलं नावंवर, तळ फुटला," एवढंच बोलले आणि न जेवता पडून राहिले. सकाळी पोरांनी फांद्या तोडून नाव बाहेर ओढली. पुढचं टोक चेचलं होतं, ते झाडानेच. पण भोक होतं पार मागे, आण्णांच्या बसायच्या पाटाखाली. पाटाला ओरखडा नाही आणि त्याच्या खालची फळी फुटलेली. झाड पाट चुकवून खाली कसं शिरेल? मी हे कुणाला बोललो नाही, पण फुटलेली फळी काढून घरी आणली आणि गोठ्यात लपवून ठेवली.

माझा पहिला संशय सयाजीकाकावर गेला. त्याने फायबरची होडी आणली तरी पुरात गाव आण्णांच्याच नावेत बसतं, हे त्याला सलत असणार. मी त्याच्या दारावरून जरा जास्तच फेऱ्या मारल्या असतील. एक दिवस त्याने मला भर चौकात अडवलं. "काय रं धैर्यशील, पोलिसात लागलास व्हय? तुमची नाव फोडून मला काय सोन्याचं वल्हं मिळणार हाय? हुंगायचंच असंल तर आपल्या घरात जाऊन हुंग की!" सगळे हसले. मला त्याचं शेवटचं वाक्य खटकलं.

इकडे गावाने नाव दुरुस्त करायचं मनावर घेतलं. आण्णा म्हणत होते, "जुनी झाली, ऱ्हाऊ दे आता." पण सरपंच म्हणाले, "आकाराम, तुझ्या नावंशिवाय पूर कसा काढायचा गड्या?" फळ्या आल्या, पोरं आली. तासायचं काम माझ्याकडे आलं. तुला माहीत आहे, माझं काम सावकाश असतं, पण फट राहत नाही. आपल्या तासायच्या वाकसाच्या पात्याला एक खाच पडली आहे. त्यामुळे तासलेल्या लाकडावर प्रत्येक घावात एक बारीक उंच रेघ राहते. ती रेघ मी नव्या फळीवर पुसत होतो आणि एकदम थांबलो. गोठ्यात जाऊन जुनी फळी उजेडात धरली. भोकाच्या कडेला तीच रेघ. आपला वाकस माळ्यावर असतो, आणि त्या संध्याकाळी नदीला फक्त आण्णा गेले होते.

तेव्हापासून मी बापावर पाळत ठेवून आहे. फळ्यांच्या फटींत सुतळी आणि डांबर भरताना हातोडी त्यांच्या मांडीजवळ पडलेली असते आणि ते सगळी मान वळवून शोधतात. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. आई बाजूने आली की दचकतात आणि वर तिलाच ओरडतात, "मांजरावानी काय येतीस!" मी जितकी फळी चोख बसवत गेलो, तितके ते गप्प होत गेले. मग त्यांच्या हत्यारांच्या पोत्यात चिंधीत गुंडाळलेली थेंबांची बाटली सापडली. तिचा फोटो घेऊन मी शहरात, राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काचबिंदूचं हाय. कडंची नजर जाती पहिली. गेलेली परत येत न्हाय, उरलेली सांभाळायची. वडील काय? गाडी चालवू देऊ नका त्यास्नी." नावेचं मी त्याला सांगितलं नाही.

पुरात ओंडका कडेनेच येतो, ताई. आणि नावेत बायका-पोरं असतात. आण्णांना ते आपल्याआधी कळलं. पण सगळ्या गावाला पैलतीरी नेणारा माणूस "मला दिसंना झालंय" असं कुणाच्या तोंडावर म्हणणार? वादळ आलं आणि त्यांना निमित्त मिळालं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते हिरावून घेतलं.

मी त्यांच्याशी बोललेलो नाही. मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं, तर ते हट्टाने पुरात नाव घालतील. सयाजीकाकाला मात्र भेटलो. यंदा पुरात तो होडी काढेल आणि मला शेजारी बसवून शिकवेल. कारण मी सांगितलं नाही, त्याने विचारलंही नाही, म्हणून मला संशय आहे की त्याला सगळं आधीपासून माहीत असावं.

आता नाव तयार आहे. रविवारच्या ओटीला तुला बोलावणं येईल. तळ बदललेली नाव घरच्या लेकीने ओटी भरल्याशिवाय पाण्यात जात नाही, हा रिवाज सरपंचही मोडणार नाहीत, आणि आपल्या घरात तुझ्याशिवाय दुसरी लेक नाही. पाऊस तोंडावर आहे; एकदा गढूळ पाण्याने नदीने रंग बदलला की नवा तळ पाण्याला लावत नाहीत, मग दसऱ्यापर्यंत नाव काठावरच. म्हणून ताई, तू येऊ नकोस. पोराला ताप आहे म्हण, सासूबाई सोडत नाहीत म्हण. आण्णा चारचौघांत तुझ्या नावाने ओरडतील, आई डोळ्याला पदर लावेल, आणि आकारामची लेक माहेरच्या नावेला आली नाही असं गाव वर्षभर बोलेल. तेवढं तू सोस. नाहीतर त्यांना ती पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने फोडावी लागेल.

रागावलीस तरी तुझाच,
धैर्यशील