“ला बास” सोडून काहीही

मेकनेस, १४ नोव्हेंबर

प्रिय तूदा मावशी,

सलाम. आईचा गुडघा तसाच आहे. मी डॉक्टर नाही हे तिला अजून पटलेलं नाही. शेजारणींना माझ्याकडे औषधं विचारायला पाठवते.

माझं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. स्वतःला इजा करून घेतलेली माणसं इस्पितळातून घरी गेली की मी त्यांना फोन करते. एवढंच.

पहिल्याच महिन्यात मी चुकले. मीमून म्हणून एक निवृत्त बसचालक. मी विचारलं, “कसे आहात?” ते म्हणाले, “ला बास, सगळं ठीक, अल्लाची कृपा. तू कशी? आई? वडील? घरचे सगळे?” उत्तरं देता देता फोन संपला. मी लिहिलं, प्रकृती ठीक. आठवड्याभरात ते पुन्हा वॉर्डात दाखल झाले.

मी भेटायला गेले तर मलाच हसले. “अगं पोरी, आपल्याकडे माणूस जनाज्यावरूनसुद्धा ‘ला बास’च म्हणेल. शिकलीस ना एवढी? मग नीट विचार की!”

आता मी नीट विचारते. जेवलात का? झोप लागली का? मरावंसं वाटतं का? आमची मुख्य परिचारिका बुश्रा म्हणते, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. असलं तर बाहेर यायला वाट मिळते.

मावशी, तू इस्पितळातून घरी आल्यापासून आपण तीनदा बोललो. तिन्ही वेळा तू माझ्या बुटांची चौकशी केलीस. आई सगळ्यांना तुला “पित्ताचा त्रास” झाला असं सांगते. तुला बघायला आलेल्यांनी आणलेले साखरेचे सुळके तुझ्या कपाटात अजून निळ्या कागदातच असतील.

नात्यातलं माणूस आम्हाला फोनसाठी देत नाहीत, म्हणून तुझं नाव बुश्राकडे आहे. ती मला काही सांगत नाही, मीही विचारत नाही. पण जीव जड झाला तर तिला फोन कर, वेळ बघू नकोस.

बाबांशी भांडून मला शिकायला पाठवलंस ती तू. त्या शिक्षणातलं मला नक्की येतं ते एवढंच, नीट विचारणं.

शुक्रवारी येतेय. कुसकुस करून ठेवू नकोस, दोघी मिळून वाफवू. एक सुळका फोडू, चहा करू. मग मी तुला विचारणार आहे, मरावंसं वाटतं का. “हो” असेल तर हो म्हण. मी घाबरून उठणार नाही, आईला फोनही लावणार नाही.

चहा गार झाला तरी समोर बसून राहणारी,
तुझी इतिमाद