विनूची पहिली कॅसेट

मालवण, शनिवार, मे १९८६

नातू विनू मुंबईहून आपल्या बँडची पहिली कॅसेट घेऊन आला. ऐकली. गिटार बैलाच्या घुंगरांसारखी किणकिणते, विनू गातो मात्र कुणाशी भांडल्यासारखा. ती किणकिण बरी वाटली, का कोण जाणे.

कॅसेट देवासमोर नारळाशेजारी ठेवली. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचं घरच्या कर्त्यानं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पण कर्ता म्हणजे त्याचा बाप, माझा मुलगा आबा. विनूनं नोकरी सोडली म्हणून वर्षभर पोराशी बोलत नाही. खोलीतून हलला नाही.

"ऱ्हवांदे. मीच घालतंय," म्हटलं. "बा देवा म्हाराजा, ह्येका गळो दिलंस नाय, गिरायका तरी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विनू हसत म्हणाला.

आणि बंद दाराआडून, त्याच्याहून मोठ्यानं, आबा: "व्हय म्हाराजा!"

तोंड उघडलंय. आता बोलेल झक मारत.